अनुभव धागा : खापर कुणाच्या डोक्यावर फोडलंत?

माटुंगा_रोड :
गणपतीच्या आधी माळा काढायला घेतला. अण्णांच्या ट्रंकेत एक खाकी पाकीट सापडलं. आत जेजे स्कूल ऑफ आर्टचा फॉर्म, 1993 चा, पूर्ण भरलेला. माझं अक्षर, आणि खाली पालकांची सही म्हणून अण्णांची ती वेलांटीवाली सही. पन्नास रुपयांची पोस्टल ऑर्डर टाचणीने लावलेली. टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडलाय.
तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की अण्णांनी जेजेला जाऊ दिलं नाही, म्हणून बी.कॉम. केलं. नवऱ्याला, मुलीला, ऑफिसात, सगळ्यांना! खरं म्हणजे मैत्रिणी पोदारला चालल्या होत्या आणि मला व्हीटीला एकटीने जायची भीती वाटली. फॉर्म नेऊन द्यायचा तेवढा राहिला. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली.
तुमचेही असे काही असतील तर लिहा. मला आज एकटीला बसवत नाहीये.

कांदेपोहे_नकोत :
अगं बाई. पाणी आलं डोळ्यात, भाजी करपली.
माझा प्रॉब्लेम उलटा. लग्न स्वतः जमवलं, घरच्यांचा विरोध पत्करून. आता भांडण झालं की "तुम्हीच गळ्यात बांधलंत" म्हणायची सोय नाही. फार गैरसोय होते.

गिरणगाव_ते_बदलापूर :
वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही. आमच्या घरात काहीही बिनसलं की संपामुळे. दहावीत नापास झालो, संपामुळे.
98 ला लालबागची खोली विकली, दहा बाय बारा. बायको नको म्हणत होती, आई तर उंबऱ्यातच बसली. मला बदलापूरला वन बीएचके आणि घरात संडास हवा होता. मिळाला. पण आजही कोणी विचारलं तर तोंडातून निघतं, "संपाने मुंबईबाहेर काढलं." खोली संपाने नाही विकली, मी विकली. सह्या करताना पेढे पण वाटले.
आता ऑफिस लोअर परळला. जिथे बाप तिन्ही पाळ्या करायचा त्याच कंपाउंडमध्ये, एसीत.

छत्री_विसरलो :
26 जुलै 2005. सांताक्रूझला 944 मिमी पडला तो दिवस. सगळे म्हणत होते ऑफिसात थांब, मी हीरो, निघालो. कुर्ल्यात छातीभर पाणी, रात्र एका अनोळखी घराच्या जिन्यात. नंतर महिनाभर महापालिकेला शिव्या घातल्या. नालेसफाईच्या नावाने त्या बरोबरच होत्या, पण मला बाहेर काही पालिकेने काढलं नव्हतं.
(त्या घरातल्या मावशींनी दिलेल्या चहाची चव अजून आठवते.)

सडेतोड_सुलभा :
मला हे जरा पटत नाही हं. सगळंच स्वतःच्या माथी कशाला मारून घ्यायचं? माझ्या आईला सातवीनंतर शाळेतून काढलं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. तिने कसली निवड केली? ज्यांच्या हातात फॉर्म आला त्यांनी बोलावं.

माटुंगा_रोड :
सुलभाताई, तेच तर. माझ्या हातात आला होता. भरलेला.

कांदेपोहे_नकोत :
ते एलिमेंटरी-इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्यास का गं? माझी दोन्हींत सी ग्रेड, स्थिरचित्रातला तांब्या भोपळ्यासारखा आला होता.
@गिरणगाव, लालबागच्या मसाला गल्लीत मिरच्या कुठून घेता? या वर्षी माझा मसाला फसला. दोष कांडपवाल्याला दिलाय.

गिरणगाव_ते_बदलापूर :
बेडगी नि संकेश्वरी अर्धी अर्धी घ्या. आणि ऊन दाखवलं होतंत का नीट?

कांदेपोहे_नकोत :
…नाही.

छत्री_विसरलो :
😂😂 धागा सार्थकी लागला

माटुंगा_रोड :
आत्ता दादाला फोन केला. तीस वर्षं त्याच्यापुढेही हेच रडगाणं गायलं होतं, आणि अण्णा समोर असतानाही. सगळं सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. आरतीला लवकर ये. आणि पाकीट घेऊन ये, सही बघायची आहे मला."

सडेतोड_सुलभा :
जा गं. येताना मोदक आण.