व्याज वाढलं की बिल्डरला झळ लागते का?

हिशेबनीस: काल इथे कुणीतरी लिहिलं, "रेपो वाढो की उतरो, बिल्डरचं काही जात नाही, मरतं ते गिऱ्हाईक." (रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर.) सतरा वर्षं बिल्डरांचे हिशेब लिहितोय, म्हणून गप्प बसवत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. जमीन घ्यायला बँक खासगी बिल्डरला कर्ज देत नाही. तो पैसा फायनान्स कंपनीकडून चढ्या व्याजाने उचलावा लागतो. बांधकाम चालतं बुकिंगच्या पैशावर. दर वाढले की गिऱ्हाईक म्हणतं, दिवाळीनंतर बघू. फायनान्स कंपनीचं व्याज मात्र दिवाळीसाठी थांबत नाही. मोठे तरतात, पुण्याच्या धायरी-नऱ्ह्यात एकच इमारत उभी करणारा बुडतो.

रावेतकर: ते वाक्य माझं आहे आणि मागे घेणार नाही. ५० लाख, वीस वर्षं: ६.७० ला हप्ता ३७,९००, ९.२० ला ४५,६००. माझ्या बँकेने तर न विचारता मुदतच वाढवली, आता साठीनंतरही हप्ते आहेत. बिल्डरने फुटामागे एक रुपया सोडला का?

हिशेबनीस: भाव उतरवला तर आधी बुकिंग केलेले दारात येऊन बसतात. म्हणून कागदावर भाव तोच ठेवून स्टॅम्प ड्युटी स्वतः भरतात किंवा किचन फुकट करून देतात. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलंय, हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. जाऊन भांडा.

उंड्रीची: हप्त्याचं काय घेऊन बसलात? आमच्याकडे मेंटेनन्सचा मोठा भाग टँकर खातो. महापालिका पाणी देईपर्यंत मी देईन, असं हमीपत्र देऊन आमच्या बिल्डरने परवानगी घेतली. ताबा दिला आणि हात वर केले.

वाघोलीकर: आमच्याकडेही तेच. मार्चपासून रात्री दोनला टँकर येतो, वॉचमनला उठवायला मीच जातो. आईला गुडघ्यामुळे बादली उचलता येत नाही. छोटा बिल्डर बुडतो म्हणून मी रडू?

हिशेबनीस: धागा व्याजदराचा आहे. पाण्यासाठी वेगळा काढा.

उंड्रीची: का काढू? घर परवडतं का, हाच विषय आहे ना? हप्ता आणि टँकर एकाच पगारातून जातात. तुम्हाला फक्त बिल्डरचीच वही दिसते.

हिशेबनीस: माझाही फ्लॅट मोशीला आहे, बाई. तोंड सांभाळून बोला.

रावेतकर: भांडू नका. छोट्यांचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. आमच्या शेजारच्या अर्धवट इमारतीचा सांगाडा दर वाढले त्या वर्षापासून तसाच उभा आहे, हे कबूल करतो. पण २०२५ मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तेव्हा भाव उतरले?

हिशेबनीस: नाही उतरले. ते मान्य.

उंड्रीची: माहिती अधिकारात हमीपत्राची प्रत कुणी मिळवली आहे का? अर्ज बांधकाम विभागाकडे करायचा की पाणीपुरवठ्याकडे?

हिशेबनीस: बांधकाम विभागाकडे. परवानगीच्या फाइलमध्येच असतं ते. मसुदा मी लिहून देतो.