‘कच्ची रक्कम’ म्हणावं का?

गोदाकाठ:
एका क्रिप्टो वॉलेटचा, म्हणजे डिजिटल नाणी सांभाळणाऱ्या ॲपचा, मराठी मजकूर करतोय. जावास्क्रिप्टच्या (ॲपची संगणकभाषा) हाती रक्कम येते ती वेईमध्ये, म्हणजे इथर या डिजिटल नाण्याच्या सगळ्यात लहान एककात, अशी: १५२३४५६७८९०१२३४५६७८. दशांशचिन्ह १८ घरं डावीकडे सरकवून, आकडा चार घरांपर्यंत जवळचा करून, पडद्यावर १.५२३५ इथर दाखवतो. त्या लांबलचक आकड्याला ‘रॉ अमाउंट’ म्हणतात. मी ‘कच्ची रक्कम’ लिहिलं. वडील नांदेडच्या मोंढ्यात अडत करतात. वाचून म्हणाले, “कच्ची कामून? हमाली-तोलाई कापायची राहिली का?” तिथंच अडलोय. इथं तर लांबलचक आकडाच पक्का, अन् पडद्यावरचा अंदाजी!

शब्दवेडी:
कच्च्या मालात काय उणं असतं? सरकी कच्चा माल, तेल पक्का. राहू द्या ‘कच्ची’.

गोदाकाठ:
माल वेगळा, हिशेब वेगळा. ‘कच्चा हिशेब’ म्हटलं की माणूस खोडायला पेन्सिल शोधतो. हा आकडा साध्या नंबर प्रकारात घेतला तरी शेवटचे अंक बदलतात, म्हणून बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांसाठीचा प्रकार वापरावा लागतो. इतकं जपायचं अन् नाव कच्चं?

शुद्धलेखन:
‘लघुतम एककातील रक्कम’. अर्थ चोख. आपल्याकडं परार्धापर्यंत शब्द आहेत. एक इथर म्हणजे दहा परार्ध वेई. उसनवारी कशाला?

बालाघाट:
मोबाइलच्या पडद्यावर मावणार का ते? माझी आजी अंबाजोगाईची. बाजारला निघाली की विचारायची, “खुर्दा हाय का?” चिल्लर, मोड हे शब्द तिच्या तोंडी मी ऐकले नाहीत. वेई म्हणजे इथरचा खुर्दाच की. ‘खुर्द्यात रक्कम’ लिहा.

शुद्धलेखन:
खुर्दा फारसी. गावाच्या नावातलं खुर्द तेच, म्हणजे लहान.

बालाघाट:
अन् तुमच्या ‘लघुतम एककातील रक्कम’मधली रक्कम? अरबी आहे ती. तिला काढता का?

शब्दवेडी:
खुर्दा उडवणे म्हणजे चुराडा करणे. पैशाच्या ॲपमध्ये हा शब्द बघून माझी आई घाबरेल.

मांजराकाठ:
शब्द कोणताही घ्या, शेजारी नाणं लिहा. आजोबा निजामाच्या काळातले. कुणी ‘सात रुपये’ म्हटलं की आधी विचारायचे, “हाली का कलदार?” हाली म्हणजे निजामाचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. इथंही तसंच. १५००००० हा आकडा यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्यात दीड, कारण तिथं घरं सहाच. बिटकॉइनला आठ. इथरमध्ये तेवढ्या वेईंची किंमत धुळीएवढीही नाही.

बालाघाट:
कलदार म्हणजे इंग्रजी रुपया ना? आमच्याकडं ‘रोकडा, खणखणीत’ या अर्थानं म्हणायलेत अजून.

मांजराकाठ:
कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेलं नाणं, ते कलदार.

शुद्धलेखन:
आपली ‘कळ’ तीच. मग ‘कळदार’ लिहायला हवं.

बालाघाट:
बीडला ‘कळदार’ म्हणलं तर कुणी वळून बघणार नाही.

गोदाकाठ:
वडिलांना आत्ता विचारलं. ते ‘कल्दार’ म्हणतात, ल अर्धा. माझ्या रकमेचं काय करू, तेही सांगा.

शब्दवेडी:
अर्धा ल परभणीतही ऐकलाय. लातूरचं कुणी आहे का इथं?