वारंवार कॅज्युअल्टीत येणाऱ्यांसाठी मानसिक आधाराची घडी कशी बसवायची? (सांगली-सातारा) सल्ला हवा

द्राक्षपट्टा
नमस्कार मंडळी. प्रश्न समुपदेशक, सिस्टर, समाजसेवा अधीक्षक, मानसोपचारवाले अशा सगळ्यांनाच आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या बाजूची काही माणसं महिन्यातून तीन-चारदा रात्री कॅज्युअल्टीत येतात किंवा हेल्पलाइनला रोज फोन लावतात. कधी हातावर जखम असते, कधी गोळ्या जास्त घेतलेल्या असतात, कधी नुसतंच "आता जगवत नाही". इंजेक्शन होतं, सकाळी घरी जातात, आठ दिवसांत परत हजर. घरचे "नाटकं" म्हणतात आणि स्टाफही कंटाळतो.
कुणाकडे कोणत्या क्रमाने पाठवायचं? बरं असतानाच्या दिवसांत नेमकं काय करून ठेवायचं? आणि दर वेळी नवा डॉक्टर, नवा समुपदेशक भेटतो त्याचं काय करायचं? "सकारात्मक राहा" कृपया नको, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं.

जुना_केसपेपर
आधी क्रम. सांगली सिव्हिल आणि मिरज सिव्हिल ही दोन्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. पेशंटला एसटीने जे सोपं पडेल ते धरा, पण मग तेच धरा. आज इथं, पुढच्या वेळी तिथं, मधेच खासगी, असं झालं की तीन ठिकाणची औषधं एकाच पिशवीत जमतात आणि नेमक्या त्याच गोळ्या संकटाच्या रात्री हाताशी येतात. तालुक्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं हे आशाताईंना किंवा गटप्रवर्तकांना विचारा. साताऱ्याकडच्यांनी जिल्हा रुग्णालयात जावं, पाटणवाल्यांना कराड जवळ पडतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ गाठणार असाल तर पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नका.
आता मुख्य मुद्दा. भेट तारखेवर ठरवा, संकटावर नको. रक्त दिसल्यावर किंवा गोळ्या घेतल्यावरच कुणी अर्धा तास शांत बसून ऐकणार असेल, तर दार कधी उघडतं हे आपणच त्या माणसाला शिकवत असतो. मग परत आला म्हणून त्याला बोल लावायचा. आठवड्याचा एक वार, तीस मिनिटं, तोच माणूस. निदान तीन महिने असं चालू द्या, मग पंधरा दिवसांवर न्या. मधे संकट आलं तर त्या वेळी जे करायचं ते कराच, पण ठरलेली भेट पुढं ढकलू नका आणि "काल येऊन गेला ना" म्हणून रद्दही करू नका. आठवडा चांगला गेला म्हणून तर अजिबात रद्द करू नका. बरं वाटल्याची शिक्षा होते ती.

सिस्टर_रात्रपाळी
वरच्याशी सहमत. फोनबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक साधी पद्धत तपासली होती, त्यात आपलं चेन्नईही होतं. निकाल २००८ साली आला. आत्महत्येचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या माणसाला सुट्टीच्या (डिस्चार्जच्या) सुमारास तासभर समजावून सांगायचं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा संपर्क करायचा. १, २, ४, ७, ११ आठवड्यांनी, मग ४, ६, १२, १८ महिन्यांनी. एवढंच. १८६७ जण होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के, संपर्क ठेवलेल्यांत ०.२ टक्के. यासाठी एक वही आणि रिचार्ज मारलेला मोबाइल पुरतो.
बिघडतं ते असं: सुरुवातीचे फोन उत्साहात होतात, सातव्या आठवड्याचा कुणाच्याच डोक्यात राहत नाही. सुट्टीच्या दिवशीच नऊच्या नऊ तारखा डायरीत लिहा, पेशंटच्या कार्डावरही लिहा. फोनवर "गोळ्या घेता ना?" ने सुरुवात करू नका. आधी "जेवलात का, झोप कशी लागतेय" विचारा. मग सरळ विचारा: "मरून जावं असं या आठवड्यात मनात आलं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. न विचारल्याने मात्र तो एकटा पडतो.

पारावरचा_सल्लागार
सुरक्षा योजनेचं कार्ड, म्हणजे संकटाच्या वेळी काय करायचं ते पायरीवार लिहिलेला कागद, कुणी सांगितलं नाही अजून. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची सहा पायऱ्यांची पद्धत, वेळ वीस ते पंचेचाळीस मिनिटं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत इमर्जन्सीला आलेल्यांवर २०१८ साली अभ्यास छापून आला. कार्ड आणि त्यामागोमाग किमान दोन फोन, पहिला ७२ तासांच्या आत. पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी निगडित वागणं ४५ टक्क्यांनी कमी. कार्ड आणि फोन ही जोडी आहे, नुसता कागद देऊन मोकळं होऊ नये.
लोक कार्ड भरतात, पण ढिसाळ भरतात. पायरीवार सांगतो.
पहिली पायरी धोक्याच्या खुणांची. "रडू येतं" ही खूण फार उशिराची. दोन-तीन तास मागं जा. दुपारचं जेवण टळलं, मोबाइलवर जुने मेसेज उघडून बसलं, माजघराचं दार लावून घेतलं, अशा खुणा पाहिजेत.
दुसरी, एकट्याने करायच्या गोष्टी. "मन रमवणे" लिहिलं की कार्ड वाया गेलं. "म्हशीचा हौद घासणे", "शेंगा फोडणे", "गार पाण्याची आंघोळ" लिहा. हाताला काम आणि पंधरा मिनिटांत जमेल असं.
तिसरी पायरी माणसांत जाण्याची, तिथं दुखणं सांगायचं नसतं. दळण घेऊन गिरणीत जाणं, पारावर बसणं, सांगलीत राहत असेल तर आमराईत एक चक्कर.
चौथीत दुखणं सांगता येतील अशी माणसं. प्रत्येक नावापुढं एक गोष्ट लिहाच: रात्री अकरानंतर फोन उचलतात का? आत्या फार जीव लावते, पण नऊला मोबाइल बंद करून झोपते, तर ती दिवसाच्या यादीत. आणि त्या माणसाला आधी विचारून घ्या. नाव टाकलंय हे त्यालाच ठाऊक नसतं, असं फार वेळा होतं.
पाचवीत दवाखाना, टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, रुग्णवाहिका १०८, तातडीला ११२.
सहावी पायरी घर सुरक्षित करण्याची, तिच्यावर पुढं कुणी लिहील.
कार्ड पेशंटच्याच शब्दांत, शक्यतो त्याच्याच अक्षरात. दोन प्रती, एक मोबाइलच्या कव्हरमधे, दुसरी चौथ्या पायरीतल्या माणसाकडे. दर संकटानंतर काढून बघा आणि कोणती पायरी चालली नाही ती खोडून नवी लिहा. महिनाभरात कार्डावर एकही खाडाखोड नसेल तर ते कुणी वापरलेलंच नाही.

तासगाव_चौक
सहावी पायरी मी लिहितो. आपल्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न घरातल्या शेतीऔषधांचा. बागवाल्यांकडे फळछाटणीनंतर, ऑक्टोबरपासून, फवारणीचा साठा घरात असतोच. तो पेटीत ठेवून कुलूप लावा.

जुना_केसपेपर
दादा, नुसत्या कुलपाबद्दल सावध. श्रीलंकेत १८० गावांत घरोघर कुलपाच्या पेट्या देऊन मोठा प्रयोग झाला, २०१७ मधे निकाल आला आणि फरक दिसला नाही. किल्ली घरातच असते, खुंटीवर. साठाच घरात नको. एका फवारणीला लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं भावकीतल्या किंवा शेजारच्या वस्तीवरच्या माणसाकडे ठेवायचं, आणि ते काम पेशंट सोडून दुसऱ्याने करायचं. गोळ्यांनाही तोच नियम. महिन्याची पट्टी एकदम देऊ नका, सात दिवसांची द्या. आठवड्याची भेट आणि आठवड्याच्या गोळ्या एकाच वारी जुळवल्या की येणंही टिकतं.

तासगाव_चौक
किल्लीचं पटलं. पण सामायिक साठ्याची कल्पना एकदम सोडू नका. तमिळनाडूत गावकऱ्यांसाठी एकाच जागी लॉकर असलेलं गोदाम करून बघितलंय. सोसायटीच्या गोदामात एक कपाट मागून बघायला हरकत नाही.

सिस्टर_रात्रपाळी
कॅज्युअल्टीसाठी एक वेगळं पान करा. एकच पान, केसपेपरच्या सगळ्यात वर. चालू औषधं डोससकट. कशाने शांत होतो (उदा. "खोलीतला आवाज कमी करा, एकाच माणसाने बोला"). कशाने बिघडतं (उदा. "पोलिसांना बोलवू का अशी भीती घालू नका"). पुढच्या भेटीची तारीख. कुणाला फोन करायचा. रात्री दीडला ड्युटीवरचा नवा डॉक्टर दोन मिनिटांत एवढंच वाचतो, चाळीस पानांची फाइल नाही. हेल्पलाइनसाठी हेच दोन वाक्यांत करून द्या. टेलि-मानसला दर वेळी नवा आवाज असू शकतो. "माझं कार्ड आहे, मी दुसऱ्या पायरीवर अडकलेय" एवढं म्हटलं की सगळा इतिहास पहिल्यापासून सांगावा लागत नाही.
आणि एक गोष्ट ठळक लिहा: दर वेळी शारीरिक तपासणी पूर्ण. "नेहमीचाच आहे" म्हणून जे सुटतं ते जीवावर बेततं. साखर बघा. दारू अचानक सुटली असेल तर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, २-३ दिवसांनी भ्रम होतो, आणि त्याला "वेडेपणा" समजून नुसतं बांधून ठेवतात. लिथियम (मूड स्थिर ठेवायचं औषध) चालू असलेला पेशंट उलट्या, थरथर, अडखळतं बोलणं घेऊन आला तर आधी रक्तातली पातळी. एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम, पाणी कमी, वर अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, की पातळी चढते.
झोपेच्या इंजेक्शनची सवयही सोडवा. इंग्लंडच्या नाइस या संस्थेची सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकाराबद्दलची २००९ ची सूचना स्पष्ट आहे: संकटात गुंगीचं औषध दिलंच तर थोड्या दिवसांसाठी, आठवड्यापेक्षा जास्त नाही.

कृष्णाकाठ_मानस
यातल्या काहींना डीबीटीचा (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, एक मानसोपचार पद्धत) फायदा होतो. मार्शा लिनेहान यांनी बसवलेली पद्धत, पहिला प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाला. तिचे चार खांब: आठवड्याची वैयक्तिक भेट, आठवड्याचा कौशल्यगट (भावना आणि ताण हाताळायला शिकवणारा), मधल्या काळात फोनवर मदत, आणि उपचार करणाऱ्यांची आपापसातली बैठक. आपल्याकडे पूर्ण संच मिळणं अवघड, म्हणून लोक सोयीचा तुकडा उचलतात आणि तिथंच घोटाळा होतो. सगळ्यात जास्त उचलला जातो तो चोवीस तासांचा नियम: स्वतःला इजा केल्यावर पुढचे चोवीस तास फोनवरची कौशल्य-मदत नाही. मूळ पद्धतीत तो नियम चालतो, कारण ठरलेली भेट पक्की असते, इजेच्या आधी फोन करायला मुभा असते, आणि जीवाला धोका असेल तर मदत थांबत नाही. भेट नाही, गट नाही आणि नुसता हा नियम लावला, तर ते नियमाच्या नावाखाली हाकलून देणं झालं.
एक कौशल्य मात्र सुटं शिकवता येतं. चेहऱ्याला गार पाणी. श्वास रोखून, पुढं वाकून, डोळ्यांवर आणि गालांच्या वरच्या भागावर साधारण तीस सेकंद. नाडी मंदावते, अंगातला झटका उतरतो. माठातलं पाणी पुरेसं गार नसतं. फ्रिजमधली बाटली किंवा बर्फ रुमालात गुंडाळून धरा. हृदयाचा आजार असेल, नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा उपासमारीने वजन फार उतरलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. याने प्रश्न सुटत नाही, पण कार्ड शोधण्याइतकी पाच-दहा मिनिटं हातात येतात.
आणखी एक इशारा. इंग्लंडमधे "सिम" नावाची योजना होती. वारंवार सेवा वापरणाऱ्यांच्या मागं पोलीस जोडून द्यायचा आणि येणं कमी करायचं. २०२१ मधे पेशंट मंडळींनीच त्याविरुद्ध मोहीम उभी केली, आणि २०२३ मधे तिथल्या आरोग्यसेवेने असल्या पद्धती वापरू नयेत असं कळवलं. "येणं कमी झालं" हे एकटं यशाचं माप धरलं की पहिला बळी त्या माणसाच्या विश्वासाचा जातो. कमी कशामुळे झालं ते बघा, बरा झाला की घाबरून यायचा बंद झाला.

जुना_केसपेपर
पोलिसांवरून आठवलं. घरचे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची नोंद) आणि जबाब ऐकून पेशंटला आणतच नाहीत. त्यांना सांगा: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदाच गृहीत धरतो, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नाही, आणि परत तशी वेळ येऊ नये म्हणून उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. एमएलसी ही नोंद आहे, गुन्हा नाही.
२०१७ च्याच कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात पेशंटला मदत करणारा माणूस, नेमता येतो. साध्या कागदावर, सही किंवा अंगठा. नवऱ्याशी किंवा सासरी पटत नसेल तर बहिणीला, मैत्रिणीला नेमता येतं. हे काम बरं असताना करून ठेवा. कॅज्युअल्टीच्या पानाला त्याची झेरॉक्स टाचा.

द्राक्षपट्टा
सगळ्यांचे आभार, वही काढून लिहून घेतलं. एकच राहिलं. पाठपुराव्याचा फोन लागलाच नाही तर? रानात रेंज नसते, मोबाइल घरात एकच, तोही दिराकडे.

सिस्टर_रात्रपाळी
ताई/दादा, ते सुट्टीच्या दिवशीच ठरवायचं. त्या माणसालाच विचारा, "फोन लागला नाही तर कुणाला केलेला चालेल, आणि त्यांना मी काय सांगू?" उत्तर वहीत. मग त्याच दिवशी दोनदा, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, म्हणजे रानातून घरी आल्यावर. दुसऱ्या दिवशी एकदा. तरी नाही तर त्या ठरलेल्या माणसाला. तिथंही नाही तर आशाताईंना घरी जायला सांगा, तिसरा दिवस उलटू देऊ नका. मागच्या फोनला जीव नकोसा झाल्याचं बोलला असेल तर मात्र यातलं काही नाही, त्याच तासाला कुणालातरी घरी पाठवा आणि ११२ लावा. दुसऱ्याच्या मोबाइलवर करताना दवाखान्याचं नाव घेऊ नका, पेशंटशी आधी ठरलेलं वाक्य बोला. "शिलाईच्या क्लासमधून बोलतेय" चालतं, पण ते तिला आधी माहीत पाहिजे, नाहीतर ती "मी कुठला क्लास लावलाय" म्हणून फोन ठेवते.