सहा जण सुटले, म्हणजे न्याय झाला?

सदाफुली:
काल इथे एकाने लिहिलं, "त्या सहा जणांना २०१९ला सुप्रीम कोर्टाने सोडलं, सरकारला त्यांना पाच-पाच लाख भरपाईही द्यायला लावली. व्यवस्था चालते, उगाच जात आणू नका." वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.
नाशिकचा खटला, घटना जून २००३ची. दरोडा, खून, बलात्कार. आरोपी भटक्या जमातीतले मजूर. २००६ला सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली, तर २००९ला सुप्रीम कोर्टाने त्यांचीही फाशी परत आणली, तीही त्यांचं म्हणणं न ऐकता. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन. सोळा वर्षं गेली! आणि वाचलेल्या बाईने दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळेच चेहरे ओळखले होते. त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही. हे निकालातच आहे. आरोपी भटके, गरीब, त्यामुळे ते गोवले गेले असू शकतात, हेही कोर्टच म्हणतं. मग जात मी आणली?

काळी माती:
ते मीच लिहिलं होतं. माझ्या मामांच्या वस्तीवर दरोडा पडलाय. मामीच्या कानातलं ओरबाडलं, फाटलेली पाळ आजही तशीच आहे. चार महिने घरातली माणसं आळीपाळीने जागत होती. पोलिसांनी कुणाला उचलायचंच नाही का?

रानवारा:
उचला, पण पुरावा बघून. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून सगळी भिस्त निवेदन पंचनाम्यावर. आरोपीने जागा दाखवली, वस्तू निघाली. जुन्या पुरावा कायद्याचं २७ कलम, आता नव्या साक्ष अधिनियमाचं २३. तिथे पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार, खोटा तर केस खोटी. वीस वर्षांच्या वकिलीत तेच दोन पंच पाच-पाच केसमध्ये पाहिलेत.

पानगळ:
पंचांवर खापर फोडू नका. मी सरकारी नोकर, साहेबांनी पत्र देऊन पाठवलं. चौकीत गेलो तर विळा आधीच टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. "आरोपीने काढून दिला, इथे सही करा." लेबलवर सही केली, वर लाख ओतली. तो वास अजून नाकात आहे. तीन वर्षांनी समन्स आलं. कोर्टात खरं सांगितलं, तर सरकारी वकिलाने मलाच फितूर ठरवलं!

रानवारा:
मुळात सही का केलीत? तुमच्या सहीवर माणूस किती दिवस आत राहिला?

पानगळ:
तीन वर्षं. जामीन द्यायला त्याचं कुणी नव्हतं. तुम्ही काळा कोट घालून विचारताय, त्या चौकीत उभं राहून नाही म्हणून दाखवा!

सदाफुली:
पंच, पंच पुरे झालं. तो आरोपी कोण होता, हे कुणी विचारलं का?

पानगळ:
पारधी.

काळी माती:
त्यांच्यात चोऱ्या करणारे नाहीतच, असं तरी म्हणू नका.

निशिगंध:
आहेत. तुमच्यातही आहेत. मी पारध्याची मुलगी. १८७१च्या कायद्याने आम्हाला जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ला तो रद्द झाला. पण गावात चोरी झाली की गाडी अजून आमच्याच पालावर येते. माझ्या दहावीच्या भूगोलाच्या पेपरच्या आदल्या रात्री वडिलांना नेलं. आई अनवाणी गाडीमागे धावली. सातव्या दिवशी सोडलं, काही न लिहिता. तुमची व्यवस्था चालते ती अशी. जेलच्या नियमांत विमुक्तांना, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या जमातींना, सराईत गुन्हेगार धरायचे, ते सुप्रीम कोर्टाने रद्द करायला २०२४ उजाडलं.

काळी माती:
अल्बमचं मला माहीत नव्हतं. ते चौघे शोधायला हवे होते, एवढं मान्य. त्यापुढे मला ओढू नका.

निशिगंध:
मामीचे दरोडेखोर सापडले?

काळी माती:
तिघांना धरलं होतं, सुटले. मामी ओळख परेडला गेली तेव्हा म्हणाली होती, हे ते नाहीत. कुणी ऐकलं नाही. आम्हीसुद्धा.