मदत हवी आहे: बांधून घेतलेल्या शिकारी रायफलचा ग्रुप तिसऱ्या गोळीनंतर फुटतो

रानवाट
नमस्कार मंडळी. रायफलच्या कामातले जाणकार इथे आहेत म्हणून विचारतो. नवी नळी घालायचा खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते मला पक्कं कळायला हवंय.

रायफल सुटे भाग जमवून कारागिराकडून बांधून घेतली आहे. रेमिंग्टन ७०० च्या धर्तीची बोल्ट ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट चालतो तो धातूचा सांगाडा), .३०८ विंचेस्टर, ५६ सेंमीची बारीक शिकारी घाटाची नळी, पीळ दहा इंचाला एक फेरा, अक्रोडाचा दस्ता. ॲक्शनखाली स्क्रूंभोवती ॲल्युमिनियमचे दोन पिलर (आधाराच्या नळकांड्या) आणि रिकॉइल लगभोवती, म्हणजे धक्का दस्त्याला देणाऱ्या ॲक्शनखालच्या आडव्या पट्टीभोवती, एपॉक्सीचं बेडिंग (ॲक्शन घट्ट बसावी म्हणून ओतलेली बैठक). नळी मोकळी आहे, कागदाची पट्टी दस्त्याच्या टोकापासून पार लगपर्यंत कुठेही न अडकता सरकते. काडतुसं कारखान्यातली, १६५ ग्रेनची गोळी, सगळी एकाच लॉटची.

तक्रार अशी आहे. अंतर १०० मीटर, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या. पहिल्या तीन गोळ्या साधारण २० मिमीत बसतात. चौथी वर-उजवीकडे जाते, पाचवी आणखी वर-उजवीकडे. पाचांचा ग्रुप, म्हणजे सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर, ५५ मिमीच्या आसपास होतो. दिशा प्रत्येक वेळी तीच.

आतापर्यंत तपासलेलं: दुसऱ्या रायफलवर नेम धरून राहिलेला स्कोप यावर चढवून पाहिला, फरक नाही. रिंगांचे स्क्रू २ न्यूटन-मीटर, ॲक्शनचे स्क्रू ७ न्यूटन-मीटर, दोन्ही टॉर्क रेंचने. नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं, आतून बाहेर कापूस ओढूनही पाहिला, धागा कुठे अडकत नाही. तांबं आणि काजळी काढून नळी साफ केली, तरी तेच.

कागदावर ५५ मिमी फार वाटत नाहीत. पण २०० मीटरवर तेच ११० होतात, आणि हरणाच्या छातीतली नेमकी जागा जेमतेम २० सेंमीची. रानात बाक नसतो, पिशव्या नसतात, चढ चढून धाप लागलेली असते. रायफलच्या चुकीत माझ्या हाताची चूक मिळवली तर जनावर जखमी होऊन झाडीत निघून जाईल, ही शक्यता मला सहन होत नाही. रायफलवर पूर्ण भरवसा बसल्याशिवाय ती घेऊन बाहेर पडणार नाही.

ओळखीतले बहुतेक जण म्हणतात की नळीत ताण राहिलाय, तापली की वाकते, बदलून टाक. असेलही. पण नळीचा दोष आणि बेडिंगचा दोष वेगळा कसा ओळखायचा? रायफल खोलून करायच्या चाचण्या असतील तर क्रमाने सांगा, कृपया.

दशांश
आधी एक हिशेब, कारण यात बरेच जण फसतात. पाच गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांपेक्षा मोठा येणारच. फैलाव निव्वळ योगायोगाचा असेल तर पाचांचा ग्रुप तिघांपेक्षा सरासरी २७ टक्क्यांनी मोठा येतो आणि दहांचा जवळजवळ ५८ टक्क्यांनी. म्हणजे तुमचे २० मिमी पाच गोळ्यांत २५-२६ व्हायला हवेत. ५५ होतायत आणि दिशा दरवेळी एकच आहे, म्हणजे दोष खरा आहे, पाठ सोडू नका.

दोन गोष्टी सांगा. गोळ्या किती अंतराने मारता? आणि वेगवेगळ्या दिवशी *पहिली* गोळी एकाच जागी लागते का? शिकारी रायफलीत थंड नळीच्या पहिल्या गोळीइतकं महत्त्व दुसऱ्या कशालाच नाही. प्रत्येक दिवसाची पहिली गोळी एकाच कागदावर घ्या. तो कागद जपून ठेवा, बाकीचे फेकले तरी चालतील.

रानवाट
धन्यवाद. गोळ्या लागोपाठ मारतो, मधे अर्धा-पाऊण मिनिट. पहिली गोळी दर वेळी एकाच जागी नसते, जुने कागद काढून आत्ताच पाहिलं. कधी डावीकडे खाली, कधी मधोमध. याकडे आधी लक्षच गेलं नव्हतं.

सहाण
रानवाट, तुमच्या या शेवटच्या वाक्यामुळे माझा संशय नळीवरून उठला.

ताण राहिलेली नळी तापली की एका बाजूला वळते, पण निवली की परत आपल्या जागी येते. दुसऱ्या दिवशीची पहिली गोळी त्यामुळे साधारण जुन्याच ठिकाणी लागते. पहिली गोळीच जागा बदलत असेल तर ॲक्शन दस्त्यात दर वेळी वेगळी बसतेय. प्रत्येक धक्क्याबरोबर ती थोडी सरकते आणि पुढची गोळी नव्या जागेवरून सुटते. नळी मोकळी असून उपयोग नाही, नळी ज्या ॲक्शनला धरून आहे तीच हलतेय.

खात्री करायला बिनखर्चाची चाचणी आहे. पाच गोळ्या मारा, पण प्रत्येक गोळीनंतर नळी हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबा. कंटाळवाणं काम आहे, तरी नेटाने करा. एवढं थांबूनही ग्रुप तसाच वर-उजवीकडे सरकला तर उष्णतेचा संबंध नाही आणि नळी निर्दोष ठरली. थंड नळीने ग्रुप आवळला तर मात्र ओळखीचे म्हणतात त्यात तथ्य आहे.

आता खोलून करायची कामं. सुरू करण्याआधी बोल्ट काढून बाजूला ठेवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही पाहा, काडतुसं त्या खोलीतच नकोत.

रायफल मऊ जबड्याच्या शिकंज्यात उभी धरा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) दस्त्याच्या पुढच्या टोकाला बांधा आणि त्याची सुई नळीवर टेकवा. मागचा ॲक्शन स्क्रू घट्टच राहू द्या, पुढचा हळूहळू सैल करा आणि काटा पाहा. बेडिंग चांगलं असेल तर काटा ०.०५ मिमीच्या आत राहतो. त्याहून जास्त फिरला तर स्क्रू कसताना ॲक्शन वाकवली जातेय, म्हणजे ती स्प्रिंगसारखी ताणलेली आहे. गेज नसेल तर नळी आणि दस्त्याच्या फटीवर बोटाचं टोक ठेवून स्क्रू सैल करा. मोठी हालचाल बोटालाही कळते.

आणि ही गोष्ट कारागीरसुद्धा विसरतात: मॅगझिनची पेटी. ॲक्शन आणि खालची धातूची चौकट यांच्यामध्ये ती पेटी असते. दोन्ही स्क्रू पूर्ण कसल्यावर खालची झाकणपट्टी उघडा आणि पेटी बोटांनी वर-खाली हलवून पाहा. तिला किंचित खेळ असलाच पाहिजे. घट्ट बसली असेल तर स्क्रूचा सगळा जोर पिलरवर न जाता त्या पातळ पत्र्याच्या पेटीवर जातोय. टॉर्क रेंच ७ दाखवेल, पण ते ७ चुकीच्या ठिकाणी खर्च होतायत. सुट्या भागांच्या रायफलीत हे फार दिसतं, कारण पेटी एका ठिकाणची, चौकट दुसरीकडची, दस्त्याची खाच तिसऱ्याने कोरलेली.

उत्तरवारा
सहाण यांच्याशी सहमत. एक भर घालतो. स्कोप बदलून पाहिलात, पण खालचा बेस (रिंगा बसतात ती ॲक्शनवरची पट्टी) तोच राहिला ना? या धर्तीच्या ॲक्शनमध्ये बेसचं सगळ्यात पुढचं भोक थेट नळीच्या आट्यांवर उघडतं. तिथला स्क्रू जरा लांब असला तर नळीच्या आट्यांवर टेकतो. बेस घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि असतो सैल. वर नळीवर एका बाजूने दाब पडतो तो वेगळाच. स्क्रूच्या टोकाला मार्करची शाई लावून कसा, परत काढून पाहा. टोकाची शाई खरवडली गेली असेल तर स्क्रू कानशीने आखूड करून घ्या.

रानवाट
सगळं करून आलो, सविस्तर लिहितो.

थंड नळीने मारलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुपही ५० मिमीच्या वर गेला आणि सरकला त्याच दिशेने. म्हणजे नळी तापण्याचा संबंध नाही. इथेच मोठं ओझं उतरलं.

पुढच्या बेस स्क्रूची शाई जशीच्या तशी. तिथे काही नाही.

डायल गेजवर पुढचा स्क्रू सैल करताना काटा ०.१५ मिमी फिरला. मग झाकणपट्टी उघडून पेटी हलवायला गेलो तर ती जागची हलेना. पेटी बाहेर काढल्यावर वरच्या कडेवर दोन ठिकाणी चकाकणाऱ्या रेघा दिसल्या, आणि ॲक्शनच्या तळाशी बरोबर त्याच जागी घासल्याच्या खुणा. पेटीची कड कानशीने थोडी थोडी उतरवली. दर वेळी परत जोडून, स्क्रू कसून खेळ तपासत गेलो, आणि किंचित खेळ आल्याबरोबर थांबलो. कडेची धार पॉलिश पेपरने मोडली, म्हणजे काडतूस वर येताना अडणार नाही. रिकाम्या डमी काडतुसांनी बोल्ट चालवून पाहिला, सुरळीत आहे.

आता काटा ०.०८ मिमी फिरतो. पाच गोळ्यांचा ग्रुप ३२ मिमी आला आणि वर-उजवीकडे चालत जाणं बंद झालं. सहाणदादा, तुमचे आभार कसे मानू? नळीवर होणारा खर्च तुम्ही वाचवलात.

पण ०.०८ अजून तुमच्या ०.०५ च्या वर आहे. ॲक्शन बाहेर काढली तेव्हा रिकॉइल लगच्या खाचेत एपॉक्सी सगळीकडून चिकटून बसलेलं दिसलं, पुढून, बाजूंनी, खालूनही. ॲक्शन आत बसवताना ठोकावी लागते. हे बरोबर आहे का?

सहाण
नाही, आणि उरलेले ०.०३ बहुतेक तिथेच असतील. लगची फक्त मागची बाजू एपॉक्सीला पूर्ण टेकायला हवी, धक्का तीच घेते. पुढे, दोन्ही बाजूंना आणि खाली जागा मोकळी हवी. खालून टेकली की ॲक्शन पिलरवर नीट बसत नाही आणि लगवर डुगडुगते. ठोकून बसवताना दर वेळी थोडी वेगळी बसते. तुमची पहिली गोळी जागा बदलत होती त्यातही याचा वाटा असणार.

नव्याने बेडिंग करताना लगच्या पुढच्या, बाजूच्या आणि खालच्या पृष्ठभागावर चिकटपट्टीचा एकेक थर लावा, मागची बाजू कोरी ठेवा. मग पट्टीसकट सगळ्या धातूवर मोल्ड रिलीज (एपॉक्सी चिकटू न देणारा लेप), स्क्रूंच्या आट्यांवरसुद्धा, नाहीतर ॲक्शन दस्त्यातून निघणार नाही. बोल्ट आणि चापाचा संच आधी काढा, त्यांची भोकं मातीने बुजवा. एपॉक्सी घट्ट होत असताना स्क्रू ७ पर्यंत कसू नका. पिलरवर ॲक्शन नुसती टेकेल इतपतच ओढा, नाहीतर जो वाक काढायचाय तोच कायमचा ओतला जाईल. पूर्ण सुकल्यावर पट्टी काढली की मोकळी जागा आपोआप मिळते. दस्ता लाकडाचा आहे, तेव्हा कोरलेल्या आतल्या भागावर आणि बुडाच्या रबराखालीही सीलर लावून घ्या, दमट हवेत लाकूड फुगलं तर आत्ता मोकळी असलेली नळी पुन्हा टेकेल.

दशांश
३२ मिमी म्हणजे १०० मीटरवर कोनाच्या मापात १.१ मिनिटाच्या (अंशाचा साठावा भाग) आसपास. बारीक नळीच्या आणि कारखान्यातल्या काडतुसांच्या शिकारी रायफलला हे चांगलं आहे. बेडिंग झाल्यावर ग्रुपपेक्षा पहिल्या गोळीचा कागद आधी टाका इथे.

रानवाट
एपॉक्सी आणि मोल्ड रिलीज आणून ठेवलंय, चापाचा संच उतरवला. सहाणदादा, एक शेवटचं: मागच्या टँगखालचं (ॲक्शनच्या शेपटीखालचं) जुनं एपॉक्सीही खरवडून काढू, की फक्त लगच्या खाचेतलं?

सहाण
दोन्हीकडचं काढा, २-३ मिमी खोल. पिलरची वरची तोंडं मात्र तशीच ठेवा, ॲक्शनची उंची तीच धरून ठेवतात.