चार स्टोरेज सर्व्हरचा सॉस रिपोर्ट एकदम कसा काढायचा?

रात्रपाळी_०७
मंडळी, ऑफिसात चार लिनक्स स्टोरेज सर्व्हर आहेत, त्यातला तीन नंबरचा परवापासून रडतोय, म्हणजे मोठी फाइल कॉपी करताना मधेच गप्प बसतो आणि मग आपोआप परत चालू. सपोर्टवाल्यांनी चारही मशीनचा सॉस रिपोर्ट, म्हणजे मशीनचे लॉग आणि सेटिंग एकत्र बांधलेली फाइल, मागितलाय. एकावर चालवला तर व्हार-टेंप (तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर) भरलं आणि सगळं बोंबललं. आता प्रत्येक मशीनवर लॉगिन करून एंटर दाबत बसू का? साहेब तर म्हणतायत आधी रीबूट मारून बघ.

जुनाखिळा
रीबूट अजिबात नको रे बाबा! व्हार-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर नसेल तर जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, नुसतं मेमरीत असतं, रीबूट मारलास की गेलं, मग सपोर्टला काय डोंबल पाठवणार. आधी डेटा काढ, मग साहेबांचं ऐक.
जागेचं म्हणशील तर डॅश-डॅश-टेंप-डिर देऊन मोकळ्या पार्टिशनवर काढ, फक्त आजारी डिस्कवर नको. आणि ऑल-लॉग्स, म्हणजे सगळे लॉग पूर्ण घ्यायचा पर्याय, लावलं होतंस का? नुसता चालवला तर एका लॉगचे २५ एमबीच घेतो.

रात्रपाळी_०७
लावलं होतं दादा 🙈 आधीच्या पोराच्या वहीत कमांड होती, तशीच टाकली.

केबलकाका
चारही एकदम पाहिजेत तर सॉस कलेक्ट वापर, एका जागेवरून सगळ्या मशीनचे रिपोर्ट गोळा करतं, ४.० आवृत्तीपासून ते सॉसमध्येच आहे. डॅश-डॅश-नोड्सला कॉमा टाकून नावं दे, एसएसएच की (लांबून लॉगिन करायची किल्ली) आधी सगळीकडे टाकून ठेव म्हणजे पासवर्ड विचारत बसणार नाही, आणि स्वतःच्या लॅपटॉपवरून चालवत असशील तर नो-लोकल लाव नाहीतर लॅपटॉपचीपण कुंडली जाईल. एका वेळी चार मशीन घेतो, तुझे तेवढेच आहेत. बाहेर पाठवायचंय तर क्लीन पण लाव, आयपी आणि होस्टनेम झाकतो, पण खरी नावं कुठली ते सांगणारी मॅपची फाइल बनते ती चुकून जोडू नको, मी एकदा जोडली होती 😅
आणि डिस्क रेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असतील तर साध्या स्मार्टसीटीएलला (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) त्या दिसणार नाहीत, मेगारेड जातीचं कार्ड असेल तर डॅश-डी मेगारेड कॉमा डिस्कचा नंबर असं एकेक विचार. त्यात ५ आणि १९७ नंबरचे आकडे बघ, ५ म्हणजे बदलून टाकलेले खराब सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर. नुसता १९९ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी केबल बदल.

रात्रपाळी_०७
काका, तीन नंबरच्या सहाव्या डिस्कचा १९७ सोळावर आहे, बाकी सगळीकडे शून्य. चारही रिपोर्ट निघाले, मॅप काढून पाठवले. साहेब परत विचारतायत रीबूट मारला का म्हणून.

जुनाखिळा
बॅकअप बघितलास का आधी?