तोलेदो : ताहो नदीच्या घळईतून शहराभोवती चालणे – मार्ग आणि दिशेबद्दल माहिती हवी

सह्यवाट (प्रश्न)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामानिमित्त माद्रिदला जाणे आहे आणि या वेळी वडीलही सोबत येत आहेत. कामाला जोडून एक दिवस मोकळा मिळतो, तो तोलेदोसाठी राखून ठेवला आहे. तेथे जाणारे बहुतेक प्रवासी कॅथेड्रल, आल्काथार हा टेकडीवरचा किल्लावजा राजवाडा आणि अरुंद गल्ल्या पाहून संध्याकाळी परततात, असे दिसते. मला मात्र शहराला तीन बाजूंनी कवेत घेणाऱ्या ताहो नदीच्या काठाने जाणारी पायवाट मनापासून चालायची आहे, कारण गड समजून घ्यायचा तर आधी त्याचा घेर पायाखाली घालावा, हे मी सह्याद्रीत शिकलो. वडिलांचे वय सत्तरच्या आसपास आहे. ते रोज नियमाने चालतात, परंतु उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. ही वाट कोठून सुरू करावी, सबंध फेरी पूर्ण होते का, आणि ती केल्यावर कॅथेड्रलला पुरेसा वेळ उरतो का, याविषयी तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

माद्रिदवासी

सर्वप्रथम तारीख तपासून घ्या. 12 ऑक्टोबर हा स्पेनचा राष्ट्रीय दिवस असल्याने त्याच्या आगेमागे तोलेदोत मोठी गर्दी असते आणि माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून सुटणाऱ्या वेगवान गाडीची तिकिटे लवकर संपतात. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा आहे, त्यामुळे सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी धरणे सहज शक्य आहे.

स्टेशनवरून थेट आल्कांतारा पुलाकडे चालत जावे. पुलाशी पोहोचताच डाव्या हाताला उंचावर सान सेर्वांदोचा किल्ला दिसतो आणि समोर, नदीपलीकडे, शहराचा चढ सुरू होतो. पूल ओलांडून शहराच्या बाजूने पाण्यालगत उतरावे. नदीच्या उजव्या काठाने जाणारी ही वाट तेथे ‘सेंदा एकोलोखिका’ या नावाने ओळखली जाते. ती आधी दक्षिणेकडे आणि मग पश्चिमेकडे वळत सान मार्तिन पुलापर्यंत जाते. बराचसा भाग मातीचा व दगडी आहे, तर जेथे कातळ थेट पाण्यात उतरतो तेथे कठड्याच्या आधाराने जावे लागते. डोक्यावर शहर असूनही खाली त्याचा आवाज जवळजवळ पोहोचत नाही. जुन्या गिरण्यांच्या बंधाऱ्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज मात्र वळणावळणावर बदलत जातो.

सान मार्तिन पूल ओलांडला की परतीची वाट पलीकडच्या, म्हणजे डाव्या काठावरच्या टेकड्यांवरून जाते. हा रस्ता डांबरी आहे आणि त्याला चढ आहे, पण व्हाये देवीच्या छोट्या प्रार्थनामंदिरावरून पुढे गेल्यावर जेथून सबंध शहर एका नजरेत मावते, ते ‘मिरादोर देल व्हाये’ हे ठिकाण याच रस्त्यावर लागते. तेथून उतरत गेले की पुन्हा आल्कांतारा पूल येतो आणि फेरी पूर्ण होते. थांबत, पाहत चालल्यास अर्धा दिवस धरावा. सकाळी घळई, दुपारी कॅथेड्रल आणि उतरत्या उन्हात मिरादोर, असा क्रम मी सुचवीन, कारण शहराची आपल्याकडे वळलेली बाजू त्या वेळी उजळलेली असते.

कातळरेषा

मार्ग वर नीट सांगितलाच आहे. मला सांगायचे आहे ते वाट चालताना काय पाहावे याबद्दल, कारण माझ्या मते तोलेदोचा खरा तट नदीच आहे आणि तो आतल्या गल्ल्यांतून कळत नाही.

शहराच्या उत्तरेला मऊ माती-वाळूचे सपाट खोरे पसरलेले आहे, तर शहर स्वतः नाइस आणि ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकावर उभे आहे. मऊ जमीन इतकी जवळ असताना नदी या कातळात का शिरली, असा प्रश्न कोणालाही पडेल. पूर्वी ही मऊ गाळाची थरे कातळावरही पसरलेली होती आणि नदी त्यांच्यावरून वाहत होती. ती खाली खणत गेली तेव्हा गाळाखाली दडलेला कातळ तिच्या पात्रात आला, आणि तोवर वळण इतके खोल रुतले होते की बाहेर निघणे तिला शक्य राहिले नाही. ज्या वळणाने घळई कोरली, त्याच वळणाने शहराला तीन बाजूंचा खंदक मिळाला. म्हणूनच सर्वांत भक्कम तटबंदी आणि बिसाग्रासारख्या मोठ्या वेशी उत्तरेला आहेत, जेथून सपाटीने चालून येता येते. आपल्याकडे रायगडासारख्या गडांवर जे काम कडे करतात, ते येथे नदीने केले आहे. कास्तीयाचा राजा सहावा आल्फोन्सो याला 1085 मध्ये हे शहर मिळाले तेही लांबलेल्या वेढ्यानंतर, तहाने.

दोन्ही पुलांकडे याच दृष्टीने पाहावे. आल्कांताराचा मूळ पूल रोमनकालीन असून पुराने व लढायांनी मोडल्यावर तो अनेकदा बांधला गेला. सान मार्तिन पूल चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्चबिशप पेद्रो तेनोरियो याने बांधवून घेतला आणि त्याची मधली कमान सुमारे 40 मीटर रुंदीची आहे. दोन्ही पुलांना टोकांशी बुरुजांची दारे आहेत, म्हणजे नदी ओलांडणे हेच वेशीतून शिरणे होते. एल ग्रेकोने सोळाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या आणि आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या तोलेदोच्या चित्रात आल्कांतारा पूल आणि सान सेर्वांदो दोन्ही ओळखू येतात. कॅथेड्रल मात्र त्याने स्वतःच्या रचनेसाठी जागेवरून हलवले आहे, हे प्रत्यक्ष पाहताना लक्षात येईल.

जलरेखा

नदीविषयी थोडे लिहितो, कारण या वाटेवर चालणाऱ्याने पाण्याकडेही पाहावे असे मला तळमळीने वाटते.

आल्कांतारा पुलाजवळच्या काठावर हुआनेलो तुरियानो या इटालियन यंत्रकाराने सोळाव्या शतकात पाणी चढवण्याचे यंत्र उभारले होते. 1569 पासून ते नदीचे पाणी सुमारे 100 मीटर उंचीवरच्या आल्काथारपर्यंत नेऊ लागले. नदीच्याच प्रवाहावर फिरणाऱ्या चाकांनी डोलणारे धातूचे हात एकापुढे एक पाणी ओतत जात. उंचावरच्या शहराच्या पायथ्याशी एवढी नदी असूनही पाण्यासाठी किती कष्ट होते, हे त्या काठावर उभे राहून वर पाहिले की कळते.

आजची स्थिती क्लेशकारक आहे. वरच्या खोऱ्यातील पाणी 1979 पासून कालव्याने सेगुरा नदीच्या खोऱ्याकडे वळवले जाते, आणि उरलेल्या प्रवाहात माद्रिद परिसराचे सांडपाणी घेऊन येणारी खारामा नदी आरान्खुएथपाशी मिळते. तोलेदोत नदीत पोहण्यास 1972 पासून मनाई आहे. बंधाऱ्यांच्या खाली पांढऱ्या फेसाचे पुंजके तरंगताना दिसतील, तो साबणासारखा फेस निसर्गाचा नाही. तोलेदोचे नागरिक अनेक वर्षे या प्रश्नावर आवाज उठवत आहेत. पाण्याला हात लावू नये आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

पुराचीही नोंद घ्यावी. 2025 च्या मार्चमध्ये याच नदीने खाली तालावेरा दे ला रेइना येथील जुन्या पुलाचा काही भाग वाहून नेला. ऑक्टोबरात सहसा एवढे पाणी नसते, परंतु मोठ्या पावसानंतर किंवा दरड कोसळल्यास काठाच्या वाटेचा काही भाग बंद ठेवला जातो. म्हणून आदल्या दिवशी पर्यटन कार्यालयाकडे चौकशी करावी.

सह्यवाट

तिघांचेही मनापासून आभार. पाण्याविषयी एवढे काही वाचायला मिळेल असे वाटले नव्हते, आणि आता ते बंधारे थांबून पाहणार आहे. वडिलांना मात्र घळईतला उतार झेपेल का, ही शंका अजून उरते. त्यांना स्टेशनवर किंवा हॉटेलात बसवून ठेवणे मला नको आहे.

माद्रिदवासी

काठाच्या वाटेवर काही ठिकाणी पायऱ्या आणि ओबडधोबड दगड आहेत, आणि पाऊस पडून गेला असेल तर ते निसरडे होतात, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर संपूर्ण घळई त्यांच्यासाठी योग्य नाही. तुम्ही दोघे आल्कांतारा पुलापर्यंत एकत्र चाला. तेवढा भाग सोपा आहे आणि पुलावरून घळई उत्तम दिसते. पुढे त्यांनी टॅक्सीने कॅथेड्रलपाशी जावे आणि तुम्ही काठाने सान मार्तिनपर्यंत चालून तेथून चढून त्यांना भेटावे. संध्याकाळी दोघांनी टॅक्सीनेच मिरादोरला जावे. रस्ता थेट कठड्यापर्यंत जातो, त्यामुळे त्यांना पायी चढ-उतार करावा लागणार नाही. परतीच्या गाडीचे तिकीट सूर्यास्तानंतर किमान दीड तासाचे काढा, कारण गर्दीच्या दिवशी तेथून टॅक्सी मिळायला वेळ लागतो.